निसर्गक्रम, औषध आणि विवेक

मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घामाघूम झालेल्या बाईला कोणी कारण विचारत नाही. परंतु जानेवारीच्या पहाटेही जी पांघरूण फेकून उठून बसते, जिची पाळी कधी दोन महिने येत नाही तर कधी पंधरा दिवसांत पुन्हा येते, तिच्या अवस्थेला आपल्या घरांत ‘वय झालं’ यापलीकडे नाव नाही. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य स्त्रीची ५१च्या सुमारास. तत्पूर्वीची काही वर्षे ही उलथापालथ चालते. स्त्रीसंप्रेरके औषधरूपाने देऊन ती बरीच शमविता येते. ती घ्यावीत का?

‘देवाने ठरविलेला क्रम का अडवावा?’ अशी शंका भाविक भगिनी घेतात. क्रम अडत नाही; बीजकोश आपले काम थांबवितातच, औषध त्रास हलका करते. चाळिशीचा चष्मा लावताना हा प्रश्न आपण कोणी विचारला नव्हता. हे संततिनियमनही नव्हे. शिवाय पोप सहावे पॉल यांच्या १९६८च्या ‘हुमाने व्हिटे’ या परिपत्रकाचा १५वा परिच्छेद शारीरिक व्याधींवरील आवश्यक उपचारांना स्पष्ट मुभा देतो.

खरा पेच धोक्याचा आहे. २००२ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरील एक मोठा अभ्यास मध्येच थांबविण्यात आला. दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले आणि जगभर स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. तोच आकडा दुसऱ्या रीतीने सांगता येतो: दहा हजार स्त्रियांत वर्षाकाठी ३० ऐवजी ३८. दोन्ही विधाने खरी; एक ऐकून स्त्री घाबरते, दुसरे ऐकून विचार करते. पक्षाघात आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या होत्या, खुब्याचे अस्थिभंग मात्र घटले होते. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मागे पडली. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे उलटण्यापूर्वी औषध सुरू केल्यास पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत लाभाचे पारडे जड ठरते, असे आज मानले जाते. २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकी बरेचसे काढण्याचे जाहीर केले. तरीही स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्तात गुठळी झालेल्या किंवा अंगावरून अकारण जाणाऱ्या स्त्रीने ते परस्पर घेऊ नये.

आपल्या मराठवाड्यात या तराजूला आणखी एक पारडे आहे. लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी २०१९ साली झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, मग पिशवीच नको, हा हिशेब ज्या व्यवस्थेने तिच्याकडून करवून घेतला ती निसर्गक्रमाचे नाव कधी घेत नाही. पिशवीसोबत बीजकोशही गेले असतील, तर पस्तिशीतच बाईचे शरीर पन्नाशीत पोहोचते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रीला, दुसरा अडसर नसेल तर, पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. पिशवी शाबूत असलेल्या स्त्रीला एस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, अन्यथा पिशवीच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. पिशवी काढलेलीला सहसा एकट्या एस्ट्रोजेनवर भागते. पन्नाशीच्या नोकरदार शिक्षिकेचे भय या तरुण मजुरणीला लावणे मला अन्यायाचे वाटते. ज्या औषधाची तिला सर्वाधिक गरज, ते तिला कोणी सुचवीतही नाही.

आणि तिला विचारावे, तर शस्त्रक्रियेत नेमके काय काढले हे तिलाच ठाऊक नसते. दवाखान्यात बोलणे नवऱ्याशी झालेले, अंगठाही त्याचाच. सुटी मिळताना हाती दिलेला कागद बहुधा घरच्या ट्रंकेत, रेशनकार्डाखाली कुठेतरी असतो. बीजकोश ठेवले की काढले, हे त्यात लिहिलेले असू शकते. घरातल्या शिकलेल्या मुलीने एखाद्या रविवारी मिस्साहून परतल्यावर तो शोधावा, आईला वाचून दाखवावा, आणि मग तिला घेऊन डॉक्टरांकडे जावे.