तो आकडा कुणाचा?

बाबांना दोन आजार एकत्र आहेत. फुप्फुसाच्या वरच्या भागात एम्फिसीमा, खालच्या भागात फायब्रोसिस. एक फुगवतो, दुसरा आकसवतो. म्हणून जोरात फुंकण्याच्या तपासणीत आकडे बरे येतात, आणि माणूस मात्र अंगण ओलांडताना धापा टाकतो. २००५ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा ६१ रुग्णांचा अभ्यास मांडला. साधारण निम्मे ६.१ वर्षांच्या आत गेले, निम्मे त्याहून अधिक जगले.

हे मी वाचलं, बाबांना सांगितलं नाही. त्यांचा धीर खचेल, अशी मनाची समजूत घातली.

आमच्या वर्ध्याजवळ पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२मध्ये अन्न, पाणी, औषध सोडलं. १५ तारखेला ते गेले. निर्णय कुणाला पटो न पटो, तो त्यांचा होता. आपली वेळ त्यांनी ओळखली होती. बाबांपासून मी तेच ओळखणं लपवत होतो.

परवा ते म्हणाले, "वावराची वाटणी यंदाच करू."

"घाई काय आहे, बाबा?"

"ते तू सांग."

मग सांगितलं. आकडा ६१ जणांचा आहे, तुमचा नाही, हेही सांगितलं. धीर माझाच खचला होता.