घेवड्याच्या वेलाखालचा कुंभ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली कथा आपल्या नित्यपाठातली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, अमरापुरात एक गरीब ब्राह्मण राहत असे. भिक्षेत कमी पडलं की दारच्या घेवड्याच्या शेंगांवर घर चालायचं. श्रीगुरू भिक्षेला आले, तीच भाजी जेवले आणि जाताना वेल उपटून गेले. बायको रडू लागली. नवऱ्याने श्रीगुरूंना बोल लावला नाही. उरलेलं मूळ काढायला त्याने जमीन खणली, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ! त्यांच्याच अंगणात होता, ठाऊक मात्र कुणालाच नव्हता.

यंदाच्या सप्ताहात हा अध्याय वाचताना मला एक घर आठवलं. रोज काकड आरतीला येणारे एक गृहस्थ दिसेनासे झाले, म्हणून चौकशीला गेलो. पत्नीला कर्करोग. डॉक्टरांनी गोळी रोजची लिहून दिलेली. ही माउली ती एक दिवसाआड घेत होती, कुणाला न सांगता. का, तर मुलाच्या डोक्यावर कर्ज नको! "कुणाकडे मदत मागितली नाहीत?" विचारलं, तर म्हणाली, "मागायची लाज वाटते हो."

अहो, आपलं दैवतच मुळी भिक्षेकरी! दत्तप्रभू दुपारी कोल्हापुरात झोळी घेऊन भिक्षा मागतात, ही आपली श्रद्धा. मग जीव वाचवण्यासाठी मागण्यात कसली लाज?

आणि पुष्कळदा ती भिक्षाही नसते. आपल्याच नावाचा कुंभ असतो. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरचे अनेक उपचार आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्याला गाठावं. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यातूनही उरलं, तर मुख्यमंत्री सहायता निधी आहे. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्तात मिळतं का, हे डॉक्टरांना विचारून पाहावं. मोठ्या रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक ट्रस्टांची वाट दाखवतात.

आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी आणि खर्चाचं अंदाजपत्रक एका पिशवीत तयार ठेवावं. एका खिडकीवर नाही म्हटलं, तर दुसरी गाठावी.

आजाऱ्याच्या घरात या धावपळीला बळ उरत नाही. सेवा इथेच करायची. त्या माउलीसाठी मंदिरातले दोन निवृत्त कारकून तीन आठवडे खेटे घालत होते. अर्ज मंजूर झाला. आजार अजून आहे. पण गोळी आता रोज पोटात जाते.

एक मात्र सांगतो. अंगारा लावा, पारायण करा. पण डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नका.

या जयंतीला प्रसाद घेऊन घरी जाताना आपल्या आळीतलं एक आजारी घर आठवा. दार वाजवा आणि विचारा, "औषध रोज घेताय ना?" उत्तर येण्याआधी चेहरा बघा. कुंभ तिथेच कुठेतरी असेल. खणायला हात मात्र आपले लागतील.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!