दार उघडले, पण कोंबडी आतच

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही घरामागच्या वाडीत पाच कोंबड्या आणल्या. गावठी नव्हेत. अंड्यांच्या एका मोठ्या फार्मवरून काढून टाकलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न. दीड वर्षाच्या आसपास अंडी कमी होऊ लागली की सगळा लॉट विकला जातो. बाकीच्या खाटकाकडे गेल्या, या पाच आमच्याकडे आल्या. तुरे फिके, चोचींची टोके कापलेली, नखे वाढून वाकडी झालेली. त्यांच्या पायांना माती कधी लागलीच नव्हती.

आठवडाभर त्यांना खुराड्यातच ठेवले. आपले घर कुठे आहे हे कोंबडीला आधी कळावे लागते, नाहीतर संध्याकाळी ती परतणार कुठे? आठव्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या उत्साहाने दार उघडले. आता पाचही जणी पंख फडफडवीत बाहेर धावतील, असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे होते. एकही जागची हलली नाही. दुपार झाली, दाराबाहेर टाकलेले तांदूळ चिमण्यांनी आणि कावळ्यांनी संपवले, तरी या आपल्या मागच्या भिंतीला चिकटून उभ्या.

दुसऱ्या दिवशी आमचा धीर सुटला. आत हात घालून एकेकीला बाहेर काढले आणि दार लावून घेतले. पाचही जणी भिंतीपाशी एकमेकींवर चढून, चोची उघड्या टाकून धापा टाकू लागल्या. आम्ही त्यांना मोकळे केले होते, आणि त्या पिंजऱ्यातून आल्या त्या दिवसापेक्षाही जास्त घाबरल्या होत्या. लाज वाटून आम्ही दार उघडले. क्षणात सगळ्या आत.

त्या रात्री जेवताना आमच्यात वाद झाला. एक म्हणणे असे, की त्यांना बाहेर जायचेच नाही, तर आपण आग्रह का करायचा? दाणा आहे, पाणी आहे, छप्पर आहे. दुसरे म्हणणे असे, की जिने पिंजऱ्यावाचून दुसरे काही पाहिलेच नाही, तिच्या ‘नाही’ला किती अर्थ द्यायचा? त्या पिंजऱ्यात एका कोंबडीला साध्या ए-फोर कागदाएवढीही जागा नसते. युरोपीय संघात तसे पिंजरे 2012 पासून बंद झाले. आपल्या देशात मात्र बाजारातील बहुतेक अंडी अजून तिथूनच येतात. आम्हीही ती वर्षानुवर्षे खाल्ली आहेत, तेव्हा या भीतीत आमचाही वाटा आहे.

दुसरे म्हणणे आम्हाला पटते, पण त्यात एक धोका आहे. समोरच्याचा नकार ही केवळ सवय आहे असे एकदा ठरवले, की मग कोणाचाच नकार ऐकायची गरज उरत नाही. घरातल्या वृद्धांशी, लाजऱ्या मुलांशी आपण असे कितीदा वागतो! ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणत दंडाला धरून ओढतो, आणि तो हिसडा ज्याचा त्याला लागतो.

मार्ग दाखवला तो शेजारच्या आजींनी. “अरे, सकाळी कशाला उघडता? दिवस मावळायच्या तासभर आधी उघडा. आणि त्यांच्या डोक्यावर काहीतरी द्या!” म्हणत त्यांनी आपली एक गावठी तलंगही आमच्याकडे सोडली.

डोक्यावर काहीतरी द्या, यात मोठे शहाणपण आहे. कोंबडीचे पूर्वज म्हणजे रानकोंबडे. ते जाळीझुडपांच्या आडोशाने चरतात. उघडे अंगण आपल्याला मोकळे वाटते. कोंबडीला तिथे वरून झेपावणारी घार दिसते. 2003 साली मरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मांसासाठी वाढवलेल्या, दारे उघडी असलेल्या कोंबड्यांची पाहणी केली. एका वेळी थोडेच पक्षी बाहेर दिसत, आणि जिथे झाडे जास्त तिथे बाहेर येणारेही जास्त.

आम्ही बांबूवर माडाच्या झावळ्या टाकून दारापासून जास्वंदीच्या कुंपणापर्यंत एक बुटका मांडव केला. उंबऱ्यावर दाणे, मग वीतभर पुढे, मग हातभर. आजींची तलंग पुढे होऊन माती उकरू लागली. पाचव्या संध्याकाळी एकीने मान बाहेर काढली, मग एक पाय. अंधारू लागताच ती स्वतःहून परतली. महिनाभरात चौघी बाहेर पडू लागल्या. त्यांतली एक पहिल्यांदा धुळीत लोळली, तेव्हा ती आजारी पडली असे वाटून आमची धावपळ झाली. ती अंघोळ करीत होती! कोणी न शिकवता तिला ते येत होते.

प्रभू येशूने जेरुसलेमविषयी बोलताना कोंबडीचीच उपमा घेतली, ती या दिवसांत आम्हाला वारंवार आठवली. तिथे कोंबडी पिलांना पंखांखाली बोलावते, आमच्याकडे आम्ही बाहेर बोलावीत होतो. गोष्ट उलटी आहे. पण ती कोंबडी पिलांना ओढून नेत नाही. ती बोलावते, आणि न येणाऱ्यांचे दुःख सोसते.

जानेवारीत मुंगसाने एकीला नेले, सर्वात धीट होती तिला. कुंपणापाशी पिसे तेवढी सापडली. घरातल्या लहानग्याने विचारले, “आपण दार उघडले नसते तर ती जिवंत असती ना?” हो, असती. त्याला आम्ही खोटे सांगितले नाही. तिने दोन महिने ऊन खाल्ले, किडे वेचले, असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घालतो. पण ती जोखीम आम्ही तिच्या वतीने घेतली होती, तिला विचारून नव्हे. कुंपणाला खालून जाळी लावली, ती आधीच लावायला हवी होती. दार मात्र दुसऱ्या दिवशीही उघडले.

पाचवी अजून बाहेर पडलेली नाही. संध्याकाळी उंबऱ्यावर तिरपे ऊन येते, तेवढ्या पट्ट्यात ती येऊन बसते आणि बाकीच्यांकडे पाहत राहते. तिच्यासाठी दाणे आम्ही आता उंबऱ्यावरच टाकतो.