निसटलेले पाते

मोशेच्या नियमशास्त्रात एका अगदी साध्या अपघाताची नोंद आहे. एक मनुष्य शेजाऱ्यासोबत लाकडे तोडण्यास रानात जातो. घाव घालण्यासाठी तो हात उगारतो, तोच कुऱ्हाडीचे लोखंड दांड्यातून निसटते आणि शेजाऱ्याला लागून तो मरतो (अनुवाद १९:५). दोघांत पूर्वीचे वैर नव्हते. मग या मृत्यूचा दोष कोणाचा?

हेच उदाहरण आपल्या देशाच्या कायद्यातही आढळते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८० खाली, कुऱ्हाडीचे पाते उडून जवळ उभा असलेला मनुष्य मेल्याचे उदाहरण दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम १८ खाली, ते कायम आहे. काम करणाऱ्याने योग्य ती खबरदारी घेतली असेल, तर तो अपराध नव्हे, असे कायदा म्हणतो. सारा भार त्या ‘तर’वर आहे.

भाषांतरकाराला या वचनात एक अडचण येते. लोखंड ज्यातून निसटले त्यासाठी मूळ इब्री शब्द ‘एत्स’ आहे. त्याचा अर्थ झाड, तसाच लाकूड; म्हणजे दांडाही होऊ शकतो. यहूदी शास्त्र्यांनी मिश्नाच्या ‘मक्कोथ’ या प्रकरणात यावर वाद केला. बहुमत असे पडले की, पाते दांड्यातून निसटले असेल तर त्या मनुष्याने शरणपुरात जावे. तोडल्या जाणाऱ्या लाकडातून काही उडून लागले असेल तर जाण्याचे कारण नाही. मला यात मोठा विवेक दिसतो. लाकूड कसे फुटेल हे कोणाच्या हाती नसते. दांडा मात्र घाव घालण्यापूर्वी हलवून पाहता येतो.

बागेत काम करणाऱ्यांना हे सांगावयास नको. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि कुदळीचा, कुऱ्हाडीचा दांडा सैल होतो. पुष्कळ जण तो पाण्यात भिजवतात. लाकूड फुगते, घट्ट झाल्यासारखे वाटते, आणि वाळल्यावर पुन्हा ढिले पडते. खरा उपाय पाचर ठोकण्याचा. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण फितुरीविषयी वापरतो. परंतु ढिला दांडा अक्षरशः गोतास काळ ठरू शकतो.

आता दोन माणसे डोळ्यांपुढे आणावी. दोघांचेही दांडे ढिले, दोघांनाही ते ठाऊक. एकाचे पाते उडून गवतात पडते. दुसऱ्याचे शेजाऱ्याच्या कपाळी लागते. पहिला हसून सोडून देतो. दुसरा जन्मभर दोषी. ॲडम स्मिथने १७५९ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले होते. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल यांनी ‘नैतिक दैव’ या नावाने तिची चर्चा केली. जग फळ पाहून न्याय करते. निष्काळजीपणा मात्र दोघांचा सारखाच असतो.

पवित्र शास्त्राचे उत्तर निर्गमाच्या २१ व्या अध्यायात सापडते. बैलाने एकाएकी कोणाला हुंदडून मारले, तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे अशी सूचना पूर्वी मिळूनही त्याने त्याला आवरले नाही, तर धनी दोषी. थोडक्यात टळलेला प्रत्येक अपघात ही अशीच सूचना होय. अनुवादातील मनुष्याला आश्रय मिळतो तो ‘न जाणता’ घडले म्हणून. ज्याचे पाते काल गवतात पडले, त्याला आज ‘न जाणता’ असे म्हणता येणार नाही.

अशा वेळी आपण उपासनेत उभे राहून “देवाने वाचवले” अशी साक्ष देतो. ती खरी आहे. परंतु त्याच बाकावर असे एखादे कुटुंब बसलेले असू शकते, ज्याच्या घरी पाते चुकले नाही. त्यांना देवाने वाचवले नाही असे म्हणावयाचे काय? आपला बचाव हा आपल्या चांगुलपणाचा दाखला ठरवला, की त्यांचे दुःख आपोआप शिक्षा ठरते. एवढा अन्याय आपण नकळत करतो.

नियमशास्त्र असे करीत नाही. ज्याच्या हातून मृत्यू घडला त्याच्यासाठी सहा शरणपुरे नेमलेली होती, आणि तिकडे जाणारा मार्गही तयार ठेवण्याची आज्ञा होती (अनुवाद १९:३). तेथे त्याला प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत राहावे लागे. म्हणजे काही घडलेच नाही असे कोणी मानीत नसे. तरीही त्याचा जीव सुरक्षित असे. असा मनुष्य आपल्या मंडळीत असेल, तर त्याच्यापर्यंत जाणारी वाट मोकळी ठेवणे हे आपले काम आहे. कारण त्याच्यात आणि आपल्यात पुष्कळदा केवळ वीतभर अंतर असते.

आणि ज्याचे पाते गवतात पडले त्याने उपकारस्तुती अवश्य करावी. पण पुढचा घाव घालण्याआधी पाचरही ठोकावी.