मातृस्मरण आणि सत्य

आईविषयीं लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा आईविषयीं लिहीत नाहीं. तो स्वतःविषयीं लिहितो. तिनें आपणांस कसें वाढविलें, आपल्या आजारपणांत रात्री कशा जागून काढिल्या, परीक्षेस निघतांना हातावर दहीं कसें घातलें, हें सारें तो भक्तिभावानें सांगतो. आणि लेख संपला म्हणजे वाचकाच्या ध्यानांत येतें कीं, या गृहस्थाचें बालपण आपणांस चांगलें कळलें, परंतु त्याची आई कोण होती हें मात्र कळलें नाहीं.

हा दोष आम्ही केवळ दुसऱ्यांच्या माथीं मारीत आहों असें नव्हे. गेल्या वर्षीं आमची आई वारली. वर्षश्राद्धाच्या निमित्तानें तिच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका घरच्यांपुरती छापावी असें भावंडांत ठरलें, आणि लिहिण्याचें काम प्राध्यापक म्हणून आमच्याकडे आलें. वडिलांच्या बदल्यांमुळें आणि पुढें स्वतःच्या हौसेनें तिनें अर्धा देश पाहिला होता. जेथें जाईल तेथें तिची चित्रांची वही तिच्या पिशवींत असे. मसुदा वाचून दाखविला तेव्हां ताई म्हणाली, "अरे, सगळें छान आहे, पण बडोद्याचे आठ महिने कुठें आहेत?" आम्ही सात वर्षांचे असतां आई चित्रकला शिकण्यासाठीं आठ महिने बडोद्यास राहिली होती, आणि आम्ही मामांच्या घरीं रोज संध्याकाळीं फाटकाशीं उभे राहून रडत असूं. धाकटे बंधू म्हणाले, "कशाला तें? आईला नांवें ठेवल्यासारखें होईल." खरें सांगावयाचें तर ते आठ महिने आम्ही विसरलों नव्हतों, आम्हीं ते गाळले होते.

तेव्हां प्रश्न असा उभा राहिला: जी गेली तिच्याविषयीं सत्य सांगणें हा तिचा मान कीं अपमान? या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस एका जर्मन स्त्रीचें चरित्र पुनःपुन्हां आठवूं लागलें.

केटे कोल्विट्झ ही १८६७ सालीं कोनिग्स्बर्ग येथें जन्मली. १८९१ मध्यें कार्ल कोल्विट्झ या डॉक्टराशीं लग्न करून ती बर्लिनच्या कामकरी वस्तींत राहावयास गेली. नवऱ्याच्या दवाखान्यांत येणाऱ्या गरीब बाया हाच तिच्या कलेचा विषय झाला. विणकरांच्या बंडावरील तिच्या छापचित्रांनीं तिचें नांव झालें. १९०४ सालीं ती पॅरिसला जाऊन मूर्तिकलेचे प्राथमिक धडे शिकली आणि रोदँ या शिल्पकारास भेटून आली. त्या वेळीं तिचा थोरला मुलगा हान्स बारा वर्षांचा आणि धाकटा पीटर आठ वर्षांचा होता. १९०७ मध्यें पारितोषिक मिळाल्यामुळें ती कांहीं महिने फ्लॉरेन्सला राहिली, आणि तेथून एका मैत्रिणीसह पायीं रोमपर्यंत गेली. १९२७ सालीं ती मॉस्कोलाही जाऊन आली. घर, मुलें आणि कला यांचा मेळ तिनें घातला. परंतु तो सहजासहजीं जमला असें तिनें कधीं भासविलें नाहीं.

मृत बालकास उराशीं कवटाळणाऱ्या आईचें एक चित्र तिनें १९०३ सालीं कोरलें. त्यासाठीं सात वर्षांच्या पीटरला हातांवर घेऊन ती आरशांत पाहून रेखाटीत असे. एकदां ओझ्यानें ती कण्हली, तेव्हां चित्र सुंदरच होईल असें सांगून त्या पोरानें तिचें समाधान केलें. अकरा वर्षांनीं, १९१४ च्या ऑगस्टमध्यें, महायुद्ध पेटलें आणि अठरा वर्षांचा पीटर स्वखुशीनें सैन्यांत जाण्यास निघाला. वय लहान म्हणून वडिलांची संमति हवी होती, आणि वडील ती देण्यास राजी नव्हते. मुलाच्या वतीनें रदबदली केली ती आईनें. संमति मिळाली. ऑक्टोबरमध्यें बेल्जममध्यें डिक्समुडेजवळ पीटर मारला गेला.

यानंतर या बाईनें काय केलें? युद्धाला, राज्यकर्त्यांना किंवा दैवाला दोष देऊन तिला मोकळें होतां आलें असतें, आणि त्या दोषारोपांत बरेंचसें तथ्यही होतें. परंतु स्वतःच्या त्या एका शब्दाचा हिशेब तिनें दैनंदिनींत वर्षानुवर्षें मांडला. पुत्राचें स्मारक करण्याचें तिनें त्याच सालीं मनांत घेतलें. आरंभींच्या कल्पनेंत पीटर मध्यें पडलेला आणि आईबाप त्याच्या उशापायथ्याशीं, अशी योजना होती. ती तिनें १९१९ मध्यें बाजूस ठेविली. १९३२ सालीं, म्हणजे अठरा वर्षांनीं, बेल्जममधील सैनिकांच्या स्मशानभूमींत ज्या दोन दगडी मूर्ति बसल्या, त्यांत पुत्र नाहींच. गुडघे टेकलेला बाप, हात स्वतःभोंवतीं आवळून ताठ. गुडघे टेकलेली आई, खालीं वांकलेली. आणि दोघांच्यामध्यें मोकळी जागा. चेहरे त्या दोघा नवराबायकोंचेच आहेत. कोणी म्हणेल, हा शोक आहे. आम्हांस त्यांत क्षमायाचनाही दिसते.

पुढें हान्सनें आपल्या मुलाचें नांव पीटर ठेविलें. हा नातूही १९४२ सालीं रशियाच्या रणांगणावर पडला. त्याच सालीं आजीनें आपला अखेरचा शिळाछाप काढला: दांडगी म्हातारी बाई हात पसरून, खोडकर पोरांना पंखाखालीं दडपून बसली आहे, आणि पोरें बाहेर पळावयास पाहत आहेत. पेरणीचें बियाणें दळूं नये, अशा अर्थाचें नांव त्यास आहे. १९१४ सालीं ज्या हातांनीं वाट मोकळी केली तेच हात येथें वाट अडवून आहेत. ही बाई १९४५ च्या एप्रिलमध्यें, युद्ध संपण्यास थोडेच दिवस उरले असतां वारली. तिच्या दैनंदिनींतील व पत्रांतील वेंचे १९४८ सालीं हान्सनें प्रसिद्ध केले, आणि १९८९ सालीं तिच्या नातीनें, युटा हिनें, संपूर्ण दैनंदिनी संपादून छापली.

मुलांनीं आईचें खासगी लिखाण उघडें करावें काय, असा आक्षेप येथें येईल. सत्याच्या नांवाखालीं घरांतील प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर आणणें आम्हांसही संमत नाहीं. जें आईनें जन्मभर लपविलें तें तिच्या मागें उकरून काढणें ही चहाडीच होय. परंतु जें तिनें लपविलें नाहीं, उलट दगडांत कोरून ठेविलें, तें पुत्रानें झांकणें ही निष्ठा कशी ठरेल? आईला देव्हाऱ्यांत बसविणें आणि आईला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें, या दोन्हींत एक साम्य आहे: दोहोंकडे ती मनुष्य उरत नाहीं.

आणि आतां आमच्या गाळलेल्या पानांकडे वळूं. कोल्विट्झबाईंनीं स्वतःस ज्याबद्दल दोषी मानलें तें एक अरिष्ट होतें. आमच्या आईनें केलें काय, तर आठ महिने विद्या शिकली. आम्ही रडलों हें खरें. परंतु मुलाचें दुःख हा आईच्या अपराधाचा पुरावा नव्हे. वडील बदलीच्या गांवीं एकटे वर्षभर राहिले तेव्हांही आम्ही रडलों होतों. त्यास मात्र आम्हीं "कर्तव्य" म्हटलें आणि पुस्तिकेंत कौतुकानें लिहिलें. म्हणजे बडोद्याचें प्रकरण गाळून आम्ही आईची लाज राखीत आहों असें जें वाटत होतें तें उलटेंच होतें. तिच्यावर कोणीही आरोप केला नव्हता. आम्हींच मौनानें तिला दोषी ठरविलें होतें.

हें आमच्या ध्यानांत आलें तें आमच्या मुलीमुळें. वाद ऐकून ती सहज म्हणाली, "बाबा, पण आजी बडोद्याला शिकली काय?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. फाटकाशीं उभ्या असलेल्या मुलाची प्रत्येक संध्याकाळ आम्हांस ठाऊक होती. आईचा एकही दिवस ठाऊक नव्हता. त्या रात्रीं आम्हीं ट्रंकेंतून तिची त्या सालची वही काढली. तींत वडाच्या पारंब्या होत्या, कुंभाराची वांकलेली पाठ होती, निजलेल्या गाईचीं निरनिराळीं रेखाटनें होतीं, आणि हातांचीं तर पानेंच्या पानें भरलीं होतीं. आम्ही शेवटच्या पानापर्यंत चाळीत गेलों, आणि मग कळलें कीं, आपण या वहींत आपलेंच तोंड शोधीत आहों. तें तेथें नव्हतें. क्षणभर पूर्वीचेंच रडें दाटून आलें; मग वाटलें, बरें झालें. आठ महिने तरी ती स्वतःच्या डोळ्यांनीं जग पाहत होती.

पुस्तिकेंत आतां तो मजकूर आला आहे. रडण्याला आम्हीं एक वाक्य दिलें, आणि त्या हातांच्या चित्रांना दोन पानें. धाकट्या बंधूंनीं मसुदा पुन्हां वाचला, बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि शेवटीं एवढेंच म्हणाले, "दादा, ती वही मला आठ दिवस देशील?"