पालकांची साक्ष आणि गुणांची नोंद

अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत गृहशिक्षण, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणे, कायदेशीर झाले आणि त्याबरोबर एक नैतिक प्रश्नही पुढे आला: विद्यापीठाकडे जाणारी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे नववी ते बारावीचे विषय, श्रेयांक व श्रेणी यांची अधिकृत नोंद, जर आईच तयार करीत असेल, तर त्या नोंदीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? श्रेयांकाला माप आहे. एका विषयाच्या वर्षभरातील सुमारे १२० तासांच्या अध्यापनाला कार्नेगी एकक म्हणतात. परंतु शेतावर निरीक्षणातून शिकलेले जीवशास्त्र त्या तासांत कसे बसवावे, हे बहुधा पालकांच्या विवेकावरच सोपवलेले असते. गृहशिक्षण स्वीकारणाऱ्यांत श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि बायबलमध्ये मुलांना शिकवण्याची आज्ञा जशी आहे, तशीच शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याचीही आहे. स्वतःच्या मुलाला दिलेली अवाजवी श्रेणी त्याच जागेसाठी अर्ज करणाऱ्या अनोळखी मुलाविरुद्धच जाते. साक्ष कोणाची मानावी, याचा विचार न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेतही आहे; तेथे विश्वसनीय वक्त्याला आप्त म्हणतात. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते आप्ताने विषय साक्षात जाणलेला असावा आणि तो जसा जाणला तसा सांगण्याची त्याची इच्छा असावी. पहिली अट आईइतकी क्वचितच कोणी परीक्षक पुरी करील. दुसरीच्या आड ममता येते. तरीही वक्ता परका असावा अशी अट तेथे नाही, आणि हे फार मोलाचे आहे. म्हणूनच बाहेरील परीक्षेचे गुण जोडणे उपयुक्त असले, तरी वाचलेली पुस्तके, मूल्यमापनाची रीत आणि अपुरा राहिलेला भागही नमूद करणारे विषयवर्णन ही अधिक खरी साक्ष ठरते.