कवायत आली, हमी मागेच राहिली

परदेशी कंपनीच्या भारतातल्या कारखान्यात संप झाला की खुलासा तयारच असतो: संस्कृतींचा मेळ बसला नाही. जपानी शिस्त आपल्या कामगाराला पेलत नाही, कोरियन साहेबाला इथली युनियन उमगत नाही. मला हा खुलासा पटत नाही, कारण फ्रीमाँटमध्ये जे घडले ते त्यात बसत नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२मध्ये बंद पडला. विनापरवाना गैरहजेरी कित्येकदा २० टक्क्यांच्या वर जायची. १९८४ साली टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तो ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू केला. बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियनही जुनीच. तरी गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. अडचण संस्कृतीची असती, तर अमेरिकी युनियनमध्ये मुरलेल्या या माणसांनी टोयोटाची पद्धत वर्षभरात उधळून लावली असती. पण टोयोटाने शिस्त मागताना करारात लिहूनही दिले होते: कंपनीच्या अस्तित्वावर बेतल्याखेरीज कोणाला काढणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कापू, बाहेर दिलेले काम आत आणू. दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार साध्या कामगाराला होता. १९८८मध्ये मागणी इतकी घसरली की कारखान्याची ६० टक्केही क्षमता वापरात नव्हती. तेव्हा कोणाला घरी पाठवले नाही. प्रशिक्षणाला आणि देखभालीच्या कामाला लावले. कामगारांचा विश्वास बसला तो अशा वेळी.

आता हरियाणातला मारुती सुझुकीचा मानेसरचा कारखाना. मारुतीच्या गुडगावच्या पहिल्या कारखान्यात १९८३पासून साहेब आणि कामगार एकाच गणवेशात असत, एकाच कँटीनमध्ये जेवत. कामगारांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले जाई. म्हणजे देश हाच, कंपनी हीच, आणि तेव्हा मेळ बसला होता. २०११मध्ये मानेसरला असंतोष उफाळला तेव्हाही सकाळची कवायत होती, गणवेश होता. चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची होती. मात्र निम्म्याहून अधिक कामगार पर्मनंट नव्हते. त्याच लाइनवर तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला पर्मनंटपेक्षा बराच कमी पगार होता. अशा वेळी कंपन्या सांगतात की आम्ही स्थानिक कायदा पाळतो. पाळत असतीलही. पण मग कवायतीपुरते जपानी राहायचे आणि नोकरीच्या हमीचा विषय निघाला की भारतीय व्हायचे, ही निवड कंपनीची असते. तिला संस्कृती म्हणू नये. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात कंत्राटी आणि ट्रेनी म्हणून राबणाऱ्या मुलांना हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

१८ जुलै २०१२ला मानेसरच्या कारखान्यात झालेल्या हिंसाचारात तिथले एचआर प्रमुख मरण पावले. युनियनच्या नोंदणीसाठी त्यांनी मदत केली होती. त्यांच्या मृत्यूचे समर्थन कुठल्याही अन्यायाने होत नाही. पुढे १४८ आरोपींपैकी ११७ जण २०१७मध्ये निर्दोष सुटले, त्यांतले कित्येक जण काही वर्षे तुरुंगात काढून. परदेशी कंपनीतला स्थानिक एचआर अधिकारी कसल्या जागी उभा असतो, याचा विचार मला इथे सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किती माणसे पर्मनंट करायची, युनियनला किती मानायचे, हे बहुतेक वेळा त्याच्या हातात नसते. कामगारांसमोर मात्र तोच जातो, कारण त्यांची भाषा त्याला येते. ज्याला ‘हो’ म्हणायचा अधिकार नाही अशा माणसाला बोलणीला पाठवणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे आणि कामगारांवरही. उपकंपनीतल्या मनुष्यबळ व्यवस्थापनाची परीक्षा मी एका प्रश्नावर घेईन: मुख्यालयाला न विचारता हा अधिकारी कोणता शब्द देऊ शकतो?

आणि मुख्यालयाने दिलेला शब्दही उपकंपनीपर्यंत पोचतोच असे नाही. मे २०२०मध्ये सॅमसंगचे तेव्हाचे उपाध्यक्ष ली जे-योंग यांनी सोलमध्ये जाहीर माफी मागितली आणि यापुढे ‘युनियन नको’ हे धोरण राहणार नाही असे सांगितले. सप्टेंबर २०२४मध्ये तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यातले हजारावर कामगार संपावर गेले. मुख्य मागणी युनियनच्या मान्यतेची होती. संप ३७ दिवस चालला. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द नको, अशी हरकत कंपनीने घेतली होती. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि नोंदणी झाली ती जानेवारी २०२५मध्ये, सोलमधल्या माफीनंतर साडेचार वर्षांहून अधिक काळाने.